अंतःकरण पालटते तेव्हा कोठवर पालटते?

आपल्या मंडळ्यांतून साक्षीच्या सभा भरतात तेव्हा बोलणाऱ्याकडून एक गोष्ट हटकून अपेक्षिलेली असते. अमुक साली, अमुक गावी, अमुक उपदेशकाचे बोलणे ऐकत असता माझे अंतःकरण पालटले, असे त्याने सांगावे. ज्याला तारीख सांगता येते त्याची साक्ष पक्की समजली जाते. ज्याला ती सांगता येत नाही तो बिचारा मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो. लहानपणापासून प्रार्थनेच्या घरात वाढलेल्या कित्येक भावाबहिणींना या एका प्रश्नाने उगीचच अस्वस्थ केले आहे.

'केव्हा पालटले?' हा प्रश्न आपण फार विचारतो. 'कोठवर पालटले?' हा प्रश्न मात्र क्वचितच विचारतो. वास्तविक पहिल्या प्रश्नाचे उत्तर देवाला ठाऊक असले म्हणजे पुरे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्या घरच्यांना, शेजाऱ्यांना, आपल्या हाताखाली काम करणाऱ्यांना रोजच्या रोज भोगावे लागते. म्हणून या लेखात त्या दुसऱ्या प्रश्नाचा थोडा विचार करू.

प्रथम शब्द पाहू. आपण मराठीत 'पश्चात्ताप' म्हणतो. पश्चात् म्हणजे मागून, आणि ताप म्हणजे जळणे. केलेल्या कर्माबद्दल मागाहून होणारी जळजळ, हा त्याचा सरळ अर्थ. आपल्या संतांनी 'अनुताप' हा शब्द वापरला, त्यातही हाच दाह आहे. जुन्या करारातला इब्री शब्द 'शूब' मात्र निराळा आहे. त्याचा अर्थ मागे फिरणे, परत येणे. तो पायांचा शब्द आहे. चुकीच्या वाटेने गेलेला माणूस थांबतो, वळतो आणि चालू लागतो. नव्या करारातला ग्रीक शब्द 'मेतानोइया' हा मनाचा शब्द आहे. विचार करण्याची रीतच बदलणे, पूर्वी ज्या डोळ्यांनी पाहिले त्याहून वेगळ्या डोळ्यांनी पाहणे, असा त्याचा आशय आहे. ताप, पाय आणि दृष्टी ही तिन्ही एकत्र आली म्हणजे खरे परिवर्तन. आपली गफलत अशी होते की ताप झाला, डोळ्यांतून पाणी आले, एवढ्यावर आपण काम पुरे झाले असे मानतो.

मत्तयकृत शुभवर्तमानात यहूदाविषयी जो शब्द आला आहे तो 'मेतानोइया'चा नाही, नुसत्या हळहळीचा आहे. यहूदाला जळजळ झाली नव्हती असे कोण म्हणेल? त्याने तीस रुपये परतही केले. परंतु तो गेला कोणाकडे? ज्यांनी ते रुपये मोजून दिले त्यांच्याकडेच. त्यांनी हात झटकले आणि तो एकटा बाहेर पडला. पेत्रानेही प्रभूला नाकारले होते, तोही बाहेर जाऊन रडला. पण तो आपल्या भावांत राहिला, आणि प्रभूने त्याला गाठले तेव्हा पळून गेला नाही. दोघांचे रडणे तागडीत घालून तोलले तर कदाचित सारखेच भरेल. फरक आहे तो तोंड कोणीकडे वळले याचा.

तरी पेत्राचे परिवर्तन त्या रात्रीच पुरे झाले काय? मुळीच नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी हजारोंसमोर उभा राहून बोलणारा हाच पेत्र पुढे यापो येथे एका चामडे कमावणाऱ्याच्या घरी उतरला होता. यहूदी लोकांत त्या धंद्याला विटाळाचा धंदा समजत. म्हणजे एक उंबरठा त्याने ओलांडला होता. असे असूनही विदेशी कर्नेल्याच्या घरी जाण्यासाठी त्याला धाब्यावर दृष्टान्त व्हावा लागला, आणि तोही तीनदा. बरे, एवढ्यानेही भागले नाही. अंत्युखियात विदेशी विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला बसणारा पेत्र यरुशलेमेकडची काही माणसे येताच पंक्तीतून उठला, आणि पौलाला त्याच्या तोंडावर सर्वांदेखत बोलावे लागले. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय आपण वाचतो, पण त्यातली लाज आपल्याला जाणवत नाही. प्रेषितांच्या अग्रणीचे अंतःकरणसुद्धा खोलीखोलीने उघडत गेले, आणि उघडलेली खोली लोकभयाने पुन्हा बंदही झाली.

येथे एक ऐतिहासिक उदाहरण घेऊ. ते जितके प्रसिद्ध आहे तितके नीट ऐकलेले नाही. इंग्लंडातील जॉन न्यूटन याचे नाव कोणी ऐकले नाही? 'अमेझिंग ग्रेस' या गीताचा तो कर्ता. आपल्या व्यासपीठांवरून त्याची गोष्ट साधारण अशी सांगतात: तो गुलामांचा व्यापार करणारा दुष्ट खलाशी होता, समुद्रात वादळ झाले, त्याने देवाचा धावा केला, तो वाचला, त्याचे अंतःकरण पालटले, त्याने तो व्यापार सोडला आणि ते गीत लिहिले. गोष्ट फार सुटसुटीत आहे. अडचण एवढीच की ती तशी घडली नाही.

न्यूटनचा जन्म १७२५ सालचा. तारुण्यात तो पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गुलाम-व्यापाऱ्याच्या चाकरीत होता. तेथे त्याचे अतोनात हाल झाले. तो उपाशी राहिला, तापाने फणफणला, चाकरांहून खालच्या दर्जाने वागवला गेला. पुढे १७४८ च्या मार्च महिन्यात परतीच्या प्रवासात वादळाने त्याचे जहाज फुटू लागले, आणि त्या रात्री त्याने अनेक वर्षांनंतर देवाचे नाव प्रार्थनेसाठी घेतले. तो दिवस तो जन्मभर पाळीत असे. येथवर गोष्ट बरोबर आहे.

पण त्यानंतर काय झाले? १७५० साली तो गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजाचा कप्तान झाला. १७५४ पर्यंत त्याने कप्तान म्हणून अशा तीन सफरी केल्या. रविवारी तो आपल्या खलाशांना जमवून दोन वेळा उपासना चालवी. एकान्तात शास्त्र वाची, मनन करी. त्या सफरींत देवाच्या सहवासाचे जे मधुर क्षण लाभले तसे क्वचितच लाभले, असे त्याने मागाहून लिहून ठेवले आहे. आणि त्याच डेकच्या फळ्यांखाली, साखळ्यांनी जखडलेली शेकडो माणसे स्वतःच्या घाणीत पडून होती. बंडाचा संशय आला तेव्हा अंगठे पिळण्याचे यंत्र त्याने लावविले, याची नोंद त्याच्या स्वतःच्या रोजनिशीत आहे.

१७५४ साली त्याने समुद्र सोडला, तो सदसद्विवेकाने टोचणी दिली म्हणून नव्हे, तर एकाएकी झटका येऊन प्रकृती बिघडली म्हणून. १७६४ साली त्याला पाळकपणाची दीक्षा मिळाली आणि तो ओल्नी गावी गेला. ते सुप्रसिद्ध गीत १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी लिहिले गेले आणि १७७९ साली ओल्नीच्या गीतसंग्रहात छापले गेले. वादळाला तेव्हा पंचवीस-तीस वर्षे लोटली होती, आणि तोवर गुलामगिरीच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे एक शब्दही काढलेला नव्हता. तो शब्द निघाला १७८८ साली, एका पुस्तिकेच्या रूपाने. वादळापासून मोजले तर चाळीस वर्षे झाली होती.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे १७४८ चे परिवर्तन खोटेच होते. मला तसे वाटत नाही. न्यूटनने स्वतःच पुढे म्हटले आहे की त्या वेळी आपण पूर्ण अर्थाने विश्वासणारे झालो होतो असे मानता येत नाही. बीज खरे होते. पण बीज म्हणजे पीक नव्हे. प्रश्न निराळाच आहे. जो माणूस शिव्याशाप, दारू, देवनिंदा यांबद्दल अश्रू ढाळीत होता, त्याला आपल्या पायांखालच्या फळ्यांतून येणारे कण्हणे पाप म्हणून ऐकू का आले नाही?

'काळच तसा होता' असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. ते अर्धवट आहे. त्याच काळात अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात जॉन वूलमन नावाचा एक क्वेकर होता. न्यूटनपेक्षा पाचच वर्षांनी मोठा. तरुणपणी तो एका दुकानात कारकुनी करीत असताना मालकाने त्याला एका दासीच्या विक्रीचा कागद लिहायला सांगितला. वूलमनने तो लिहिला, पण मन खाऊ लागले, आणि ही गोष्ट ख्रिस्ती धर्माशी जुळत नाही असे त्याने तेथल्या तेथेच मालकाला व विकत घेणाऱ्याला सांगितले. पुढे दुसऱ्याने तसाच कागद लिहायला सांगितला तेव्हा त्याने साफ नकार दिला. १७५४ साली, म्हणजे न्यूटन समुद्र सोडीत होता त्याच वर्षी, वूलमनची गुलाम बाळगण्याविरुद्धची पुस्तिका छापून निघाली. तो गावोगाव जाऊन गुलाम बाळगणाऱ्या बंधूंच्या घरी बसे, शांतपणे बोले. तेव्हा काळ एकच होता, शास्त्रही एकच होते. एकाला दिसले, दुसऱ्याला दिसले नाही.

याचे कारण माझ्या समजुतीप्रमाणे असे आहे. आपण बहुधा त्याच पापांचा पश्चात्ताप करतो ज्यांना आपल्या गोटात पाप म्हणतात. न्यूटनच्या गोटात शिवी देणे हे पाप होते. गुलाम नेणे हा कायदेशीर, बऱ्या कमाईचा, अब्रूदार धंदा होता. त्याला कोणी विचारले नाही, आणि ज्यावर पोट चालते त्याविषयी माणूस आपण होऊन स्वतःला विचारीत नाही. स्वतः सोसलेल्या हालांनीही त्याचे डोळे उघडले नाहीत. दुःखाने माणूस आपोआप कनवाळू होतो, ही एक भोळी समजूत आहे. सासुरवास सोसलेली सून पुढे सासू होऊन काय करते, हे आपण घरोघर पाहतो.

आता आपल्याकडे वळू. आमच्या साक्षींतून दारू सुटते, तंबाखू सुटते, जुगार सुटतो. देवाची स्तुती असो. हे लहान काम नव्हे. ज्या घरात ते घडले त्या घरच्या बाईला विचारा. पण सुटले म्हणून सांगितलेल्या गोष्टींची यादी एकदा शांतपणे तपासा आणि तीत काय नाही ते पाहा. मुलीचे लग्न ठरवताना 'मूळचे कोण?' असा हळूच विचारला जाणारा प्रश्न सुटल्याची साक्ष आपण कितीदा ऐकली आहे? घरात भांडी घासणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवणे सुटल्याची? भावाच्या अंगठ्याचा उपयोग करून सात-बारावर चढवलेले नाव उतरवल्याची? मजुराची महिनोन्महिने तटवलेली मजुरी व्याजासह चुकती केल्याची? या गोष्टी साक्षीत येत नाहीत, कारण आमच्या गोटात त्यांना अजून पाप म्हणत नाहीत. त्यांना व्यवहार म्हणतात, रीत म्हणतात, 'घरातली गोष्ट' म्हणतात.

यरीहोच्या जक्कयाची थोरवी येथे कळते. तो रडल्याचे लूकने लिहिलेले नाही. प्रभूने त्याला जमाखर्चाविषयी एक अक्षर विचारले, असेही नाही. प्रभू फक्त त्याच्या घरी उतरला. तरी जक्कय उभा राहिला आणि थेट पैशाचेच बोलला. अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना, आणि फसवून घेतले असेल त्याची चौपट भरपाई. आपण होऊन कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर एक पंचमांश द्यावा, एवढेच नियमशास्त्र गणनेच्या पाचव्या अध्यायात मागते. जक्कयाने मेंढरू चोरणाऱ्याचा दंड स्वतःला लावून घेतला. ज्या ठिकाणी त्याचे पाप राहत होते, त्याच ठिकाणी त्याने पाहुण्याला नेऊन बसवले.

आपल्या स्वतःच्या इतिहासातही याचे दाखले आहेत. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावचा आणि त्यांचा बाप्तिस्माही १८५४ साली बेळगावीच झाला. पण तो दिवस येण्यापूर्वी वाचन, वाद, शंका, घरच्यांचा स्नेह आणि लोकांचे भय यांच्याशी त्यांना कित्येक वर्षे झगडावे लागले. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी 'अरुणोदय' हे नाव दिले, ते किती यथार्थ आहे! अरुणोदय कोणत्या क्षणी झाला हे घड्याळ लावून सांगता येत नाही. उजाडले आहे, एवढे मात्र कोणालाही दिसते. दिमिष्काच्या वाटेवर भर दुपारी प्रकाश पडला हे जितके खरे, तितकीच ही पहाटही खरी.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. सोवळ्याओवळ्यात मुरलेल्या या बाईंनी 'स्मृतिचित्रे'त सांगितले आहे की जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा आपल्या मनाशी त्यांनी उलगडा केला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. हा निश्चय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. पुष्कळांची दीक्षा आधी होते आणि स्वयंपाकघर मागाहून पालटते, कित्येकांचे तर कधीच पालटत नाही. लक्ष्मीबाईंचे स्वयंपाकघर आधी पालटले. देव कोणत्या दाराने आत येईल याचा नियम आपण घालू नये. मात्र आल्यावर त्याला ओसरीवरच बसवून ठेवू नये.

आता एक गंभीर गोष्ट. अंतःकरण हळूहळू पालटते, असे म्हणताना आपल्याला एक सुखाची पळवाट सापडण्याचा धोका आहे. 'देव माझ्यात काम करीत आहे, हळूहळू होईल,' असे म्हणून माणूस खुशाल जुन्या वाटेने चालत राहतो. पण हा सावकाशपणा कोणाच्या खर्चाने चालतो, याचा विचार करा. न्यूटनला उजाडण्यास चाळीस वर्षे लागली, त्या चाळीस वर्षांची किंमत न्यूटनने भरली नाही. ती डेकखालच्या माणसांनी भरली. त्यांना 'थांबा, कप्तानाचे परिवर्तन चालू आहे' असे सांगून काय समाधान मिळाले असते? देव धीर धरतो हे खरे, पण तो धीर आपल्याला सूट म्हणून दिलेला नाही. ज्याचा कप वेगळा ठेवला आहे, ज्याची मजुरी अडकली आहे, त्याच्यासाठी आपला प्रत्येक उशीर हा एक नवा अन्याय असतो. स्वतःच्या परिवर्तनाविषयी धीर धरण्याचा अधिकार, ज्याला आपण दुखावतो त्याच्याकडून मागून घ्यावा लागतो. तो आपल्या हाती नसतो.

मग ज्याची भरपाई होऊच शकत नाही, त्याचे काय? जक्कयाला चौपट परत करता आले, कारण ज्यांना फसवले ते यरीहोतच राहत होते. न्यूटनने नेलेली माणसे समुद्रापार विकली गेली होती, मेली होती. त्यांना तो काय परत देणार? त्याने जे करता येण्यासारखे होते ते केले. वयाच्या साठीनंतर, लंडनमध्ये नावाजलेला पाळक असताना, त्याने आपल्या नावानिशी लिहिले की ज्या धंद्याने आज आपला थरकाप होतो त्यात आपण स्वतः हात घातला होता, आणि ही कबुली फार उशिरा येत आहे. डोळ्यांनी जे पाहिले ते त्याने सविस्तर मांडले. १७९० साली पार्लमेंटच्या समितीपुढे जबानीही दिली. त्याआधी, १७८५ च्या डिसेंबरात, विल्बरफोर्स नावाचा एक तरुण सभासद राजकारण सोडावे की काय अशा पेचात त्याच्याकडे गुपचूप आला होता. न्यूटनने त्याला जागेवरच राहून सेवा करण्याचा सल्ला दिला. १८०७ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांच्या व्यापारास बंदी घातली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूटन वारला. आपल्या साम्राज्यातील गुलामगिरीच रद्द करणारा कायदा होण्यास पुढे १८३३ साल उजाडले.

त्याची ही कबुली साक्षीच्या सभेतल्या साक्षीहून निराळी होती. सभेतली साक्ष पुष्कळदा बोलणाऱ्याची शोभा वाढवते: मी किती वाईट होतो आणि आता किती चांगला झालो! न्यूटनच्या त्या साक्षीने त्याची शोभा वाढली नाही. तिने दुसऱ्यांच्या बेड्या ढिल्या होण्यास हात लावला. साक्ष खरी की खोटी हे ओळखण्याची ही एक कसोटी समजावी. तिच्यामुळे कोणाचे ओझे उतरले?

शेवटी मंडळीच्या वाट्याचे काम. शौलाला यरुशलेमेतील विश्वासणारे घाबरत होते, आणि त्यांचे घाबरणे चुकीचे नव्हते. बर्णबाने त्याला हाताला धरून आत आणले. त्यापूर्वी दिमिष्कात हनन्याने आपल्या छळकाला भाऊ म्हणून हाक मारली होती. अंत्युखियात पौलाने पेत्राला अडवले. मंडळीला हनन्या, बर्णबा आणि पौल या तिघांचीही गरज आहे. वळलेल्याला भाऊ म्हणणारा हवा, त्याच्यासाठी जामीन राहणारा हवा, आणि जो वळला आहे असे सर्वजण मानतात त्याला 'तू पंक्तीतून का उठलास?' असे विचारणाराही हवा. पहिले दोघे आपल्याकडे थोडेफार सापडतात. तिसरा दिसला की आपण त्याला भांडकुदळ म्हणतो आणि पंचकमिटीतून वगळतो. न्यूटनच्या जहाजावर असा एक जरी माणूस असता!

वाचकहो, पुढच्या वेळी प्रभुभोजनाच्या मेजाकडे जाण्यापूर्वी आपण आपली परीक्षा करू तेव्हा नेहमीच्या पापांची नेहमीची यादी थोडा वेळ बाजूला ठेवू या. ज्या गोष्टीला आपल्या घरात, आपल्या गोतात, आपल्या मंडळीत कोणी पाप म्हणत नाही, पण जिच्यामुळे कोणी तरी फळ्यांखाली कण्हत आहे, अशी एखादी गोष्ट दाखवण्याची विनंती प्रभूला करू या. आणि ती दिसली तर तारीख लिहून ठेवण्याच्या आधी त्या माणसाच्या दारी जाऊ या.

देव आपणा सर्वांना तशी दृष्टी आणि तसे पाय देवो.